आलं की सांगा

"आलं का?"

"नाई."

"आता?"

"आलतं. गेलं. मांगं घे थोडंसं."

"मागं म्हणजे कुणीकडं? टाकीकडं का लिंबाकडं?"

"लिंबाकडे व पोरी. टाकीकडे काय हाय? तिकडून का तुह्या मायचं पत्र येनार हाय?"

मी गच्चीवर लोखंडी पाइपाला मिठी मारून उभी होते. वर अँटेना, त्याच्या दांड्यांवर कावळ्यांची शिटलेली रांगोळी, आणि खाली घरात, मला न दिसणारे उत्तमराव गावंडे. मी पाइप जरासा लिंबाकडे वळवला. खालून आधी खरखर ऐकू आली, मग एका बाईचा स्वच्छ आवाज आला. कपाशीवर बोंडअळी पडली तर काय करावं ते ती सांगत होती.

"आलं. आता हात नोको लावू. उतर."

"नट घट्ट करते की. पाना द्या."

"पाना हरवला."

रोजचं हे असं. रोज पाना हरवलेलाच असायचा आणि रोज माकडं येऊन अँटेना फिरवून गेलेली असायची. दारव्ह्यात माकडांना तोटा नव्हता, त्यामुळे मला शंका यायचं कारण नव्हतं.

मी मिरजेची. औषधशास्त्राची पदविका झाली आणि सरकारी नोकरीचा आदेश आला तो थेट यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा. आईनं नकाशात ते गाव शोधलं आणि म्हणाली, "अगं, हे तर जवळजवळ दुसऱ्या राज्यात आहे." तिनं डोळे पुसले आणि मला लोणच्याची बरणी बांधून दिली. मी तेव्हा तेविशीची होते. नोकरी लागल्याच्या आनंदात गाडीत बसले, आणि तो आनंद पुरता सोलापुरापर्यंतही टिकला नाही.

रुग्णालयात एका जाळीच्या खिडकीआड माझी जागा होती. समोर रांग. "सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवल्यावर." दिवसभरात माझ्या तोंडून निघणारी वाक्यं म्हणजे एवढीच. जगातल्या सगळ्यांना मी जेवल्यावर गोळी घ्या म्हणून सांगायची, आणि तू जेवलीस का, असं मला विचारणारं त्या गावात कोणी नव्हतं. आईचा फोन रविवारी यायचा. खानावळीचा डबा यायचा तो मी खाटेवर बसून भिंतीकडे तोंड करून खायची. एकदा तर सुटीच्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की आज आपण सकाळपासून एक शब्दही बोललेलो नाही. तेव्हा मी मोठ्यानं "वृषाली" अशी स्वतःलाच हाक मारून बघितली. आवाज घोगरा आला. मला फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायलाही कोणी नव्हतं.

खोली उत्तमरावांच्या गच्चीवरची. बाहेरून जिना, वर एक खोली, न्हाणी, पाण्याची टाकी आणि तो अँटेना. उत्तमराव जिनिंगमध्ये मुकादम होते; कापसाच्या गाठी बांधून घेण्यात जन्म गेला. आता निवृत्त. त्यांची बायको, सुमनकाकू, मी येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेली होती. मुलगा प्रमोद पुण्याला. घरात एकटा म्हातारा आणि वर एकटी मुलगी, म्हटल्यावर गावानं काय ते बोलायला नको म्हणून आम्ही दोघांनीही न बोलता एक रेघ आखून घेतली होती. भाडं असो की त्यांच्या गुडघ्यांचं मलम, देणंघेणं उंबऱ्यावरूनच. त्यांच्या उंबऱ्याच्या आत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. दारातून भिंतीवरचा काकूंचा हार घातलेला फोटो तेवढा दिसायचा.

मी राहायला आले त्याच आठवड्यात खालून हाक आली होती. "ओ बाई, वर हायेत काय? तेवढा अँटेना लिंबाकडे करता काय? माहे गुडघे गेले, जिना चढनं होत नाई." मी केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. तिसऱ्या दिवशी मी हाकेची वाट बघत होते, हे मला जिन्याच्या कठड्याशी उभी राहिल्यावर कळलं. पुढं 'बाई'ची 'पोरी' झाली आणि 'उत्तमराव' होते ते 'काका' झाले. पण हे सगळं नातं झालं ते आरोळ्यांवर. समोरासमोर आलो की आम्ही दोघंही गप्प. ते म्हणायचे "बरी हायेस?" मी म्हणायची "बरी आहे." आणि गच्चीवर गेले की आमच्या दोघांच्या जिभेला धार चढायची.

"काय ओ काका, तुमच्याकडं एक गुंठा जमीन नाही आणि तुम्ही रोज बोंडअळी बघताय."

"तू बोलू नोको. आलंय का, गेलंय का. कोल्हापूरकडचे लोक बोलतात का भांडतात, समजतच नाई बाप्पा."

"मिरज सांगलीत येतं."

"येऊ दे. भांडनं सारखेच."

तेव्हासुद्धा त्या गल्लीत अँटेना एकाच घरावर उरला होता. बाकी घरांवर केबल, नाहीतर डिशच्या नव्या छत्र्या. रुग्णालयातली नर्स मला म्हणायची, "तुमच्या घरमालकाचा टीव्ही म्हंजे रेडिओच समजा, चित्र दिसलं तं दिसलं." माझ्या वयाची मुलं तर तेव्हाच मोबाइलवर गाणी बघायला लागली होती. आज मी हे भाच्याला सांगते, तर तो विचारतो, "म्हणजे तू स्वतः राउटर होतीस?" मी हो म्हणते. त्याला तेवढं पुरतं.

एका संध्याकाळी मी पाइप फिरवत असतानाच वीज गेली. भारनियमनाचे दिवस, गेली की दोन-तीन तास येत नसे. खरं तर मी खोलीत जायला हवं होतं. पण मी तिथंच कठड्याला टेकले. खाली काकांनी खुर्ची अंगणात ओढून घेतल्याचा आवाज आला. मला ते दिसत नव्हते आणि त्यांना मी दिसत नव्हते.

"हायेस काय वर?"

"आहे."

"तुही काकू लय लबाड होती," ते मध्येच म्हणाले.

काकूंबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते.

"तवा माहे गुडघे चांगले होते. मी वर अस्सा पाइप धरून उभा राहो, तू राह्यते तसा. अन् ती खाली. मी वरून म्हनो, आलं का? तं ती चुलीपासून उठेच ना. तिथूनच म्हने, आलं, आलं, या खाली. मी खाली येऊन पाहो, तं टीव्हीवर नुसत्या मुंग्या."

"मग?"

"मंग काय? म्या म्हनलं, काऊन व, खोटं काऊन बोलते? तं म्हने, भाकर निवून राह्यली. टीव्ही काय, उद्याही दिसन."

मला हसू आलं. खाली तेही हसले असावेत, कारण खुर्ची करकरली. अंधारात लिंबावर कावळे जागा धरत होते.

"गेल्या साली दिवाळीपर्यंत म्हने," काका म्हणाले. "आलं, आलं."

मी कठड्याचा खडबडीतपणा बोटांनी चाचपत उभी राहिले. वीज आली तेव्हा टीव्ही खरखरायला लागला, आणि ते एकदम नेहमीच्या आवाजात ओरडले, "लिंबाकडे घे व." आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

दिवाळी जवळ आली. मी रजेचा अर्ज दिला, आणि नव्या माणसाला दिवाळीत रजा नसते हे शिकून आले. सगळे जाणार म्हटल्यावर औषधाची खिडकी कोणीतरी उघडायला हवी ना. त्या बदल्यात मेहेरबानी म्हणून मला एका दुपारी लवकर सोडलं.

भर दुपारी मी फाटकाशी आले आणि थांबले. आमच्या जिन्यावरून काका उतरत होते. उतरत होते म्हणजे बसून घसरत होते. एका पायरीवर बसायचं, दोन्ही हात टेकवायचे, पाय खाली सोडायचे, मग अंग खालच्या पायरीवर आणायचं. लहान मुलं उतरतात ना, तसं. प्रत्येक पायरीला तोंडातून "बाप्पा" निघत होतं. धोतर मागून मातीनं माखलं होतं आणि तळहात गंजानं लाल झाले होते.

मी वर बघितलं. अँटेना टाकीकडे तोंड करून उभा होता. सकाळी मी निघाले तेव्हा तो लिंबाकडे होता. गच्चीवर एकही माकड नव्हतं.

मी आवाज न करता फाटक लावलं आणि परत फिरले. बाजारातून उगाच चक्कर मारली. एक कंगवा घेतला, जो मला नको होता. पहिल्यांदा मला खूप हसू आलं. मुकादम माणूस, अख्ख्या जिनिंगवर दरारा असलेला, आणि धोतर मळवत पायऱ्या घसरतोय. मग त्या कंगव्याच्या दुकानासमोरच माझे डोळे भरून आले. या गावात आपल्याला हाक मारता यावी म्हणून कुणी ते गुडघे घेऊन जिना चढत असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

नेहमीच्या वेळेला घरी आले. हाक आली.

"पोरी, आज पुन्हा वांदरं येऊन गेले व. गेलं सारं."

"आले, काका."

पाइप फिरवायच्या आधी मी टाकीमागं हात घालून बघितला. तिथं फडक्यात गुंडाळलेला पाना होता. हरवलेला. मी तो होता तसाच ठेवला. त्या रात्री झोपताना मी ठरवलं, उद्यापासून कामाला निघताना आपणच अँटेना फिरवून जायचं, म्हणजे त्यांना वर यावं लागणार नाही. बोलायचं काहीच नाही. माकडांवर घालायचं.

पण ते जमायच्या आत प्रमोददादा आले.

प्रमोददादा वाईट माणूस नव्हते. उलट फार चांगले. गाडीतून फराळाचे डबे, वडिलांना स्वेटर, अगदी माझ्यासाठीही मिठाईचा पुडा. बरोबर त्यांची मुलगी तन्वी, दहावीतली. ती टीव्हीसमोर बसली, जरा वेळ मुंग्या बघितल्या आणि म्हणाली, "आबा, हे पुढं ढकलता येत नाही का?" मग ती मोबाइल घेऊन ओट्यावर गेली.

मी कामावरून आले तेव्हा अंगणात खुर्च्या टाकलेल्या होत्या. दादांनी मला थांबवलं.

"या, बसा. तुम्ही बाबांना मलम देता, लक्ष ठेवता, फार बरं वाटलं. मी काय म्हणतो, बाबांना मी उद्या छत्री बसवून देतोय. माणूस यवतमाळहून येतोय. तर हे म्हणतात, नको. अँटेनाच बरा. आता तुम्हीच सांगा."

काका खुर्चीत बसून गुडघे चोळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"तुम्ही तरुण आहात," दादा म्हणाले. "तुमच्या वयाचं कोणी आता अँटेनावर टीव्ही बघतं का? एक तरी माणूस सांगा."

मला माहीत होतं की माझ्या उत्तरावर काहीतरी अडलेलं आहे. काकांचा चोळणारा हात थांबला होता.

"मी बघते," मी म्हणाले.

"तुम्ही? कुठे? तुमच्या खोलीत तर टीव्ही नाही."

ओट्यावरून तन्वी हसली. माझे कान तापले. खरं होतं ते. इतक्या दिवसांत त्या टीव्हीचा काचेचा चेहरासुद्धा मी बघितला नव्हता. बोंडअळीचा सल्ला देणारी ती बाई गोरी की काळी, मला ठाऊक नव्हतं.

"बघत नाही," मी म्हणाले. "फिरवते."

दादांना वाटलं मी चेष्टा करतेय. ते मोकळेपणानं हसले. "तेच तर. तुम्हाला रोज त्रास. बाबा, बघा, परक्या मुलीला रोज वर उन्हातान्हात उभं करता. छत्री बसली की तीही सुटेल."

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. पण काय सांगणार होते? मला बोलायला कोणी नाही म्हणून मी अँटेना बिघडवतो, हे मुलाला सांगायचं? सणाच्या दिवशी, त्यानं एवढ्या हौसेनं आणलेल्या स्वेटरवर? आणि मी सांगितलं असतं, तर त्यांचं गुपित उघडं पडलं असतं. आम्ही दोघंही गप्प बसलो.

"बसव," काका म्हणाले. "पोरीले तरास नोको."

छत्री बसली. माणसानं ती पाइपाशेजारी दुसरा लोखंडी पाय रोवून बसवली आणि नट असे आवळले की त्याच्या कपाळाची शीर दिसली. "आता वादळ आलं तरी हलणार नाही, मॅडम," असं त्यानं मला मुद्दाम सांगितलं. अँटेना उतरवून टाकीमागं उभा करून ठेवला. भाऊबीज झाली आणि दादांची गाडी पुण्याला गेली.

पहिल्या संध्याकाळी मी हात-पाय धुतले, केस विंचरले आणि जिन्याशी येऊन उभी राहिले. खालून स्वच्छ आवाज येत होता. खरखर नाही, काही नाही. हाक आली नाही. हाक मारायला कारणच उरलं नव्हतं. मी परत आत गेले आणि डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मलम द्यायच्या निमित्तानं उंबऱ्यावर गेले.

"दिसतंय ना नीट, काका?"

"हाव. लय साफ दिसते." ते मलमाच्या नळीकडे बघत म्हणाले. "बरी हायेस?"

"बरी आहे."

आणि एवढंच. उंबऱ्यावर आम्हाला बोलता येत नव्हतं, ते आधीपासूनच. जिना चढताना मला वाटलं, आपण उद्यापासून या माणसाशी आयुष्यभर 'बरी हायेस' आणि 'बरी आहे' एवढंच बोलणार. मला त्या छत्रीचा इतका राग आला की मी तिच्यावर पाणी फेकलं. तिला काय त्याचं.

पुढं काही दिवसांनी खालचा आवाज लवकर बंद व्हायला लागला. मग संध्याकाळी तो सुरूच होईना. घरात दिवा लागायचा, स्टोव्हची भुरभुर यायची, परातीत भाकरी थापटल्याचा आवाज यायचा. नंतर शांतता. वर मी भिंतीकडे तोंड करून जेवायची आणि खाली ते जेवत असायचे. मध्ये फक्त एक स्लॅब होता.

एका शनिवारी दुपारी ते बाजारातल्या बँकेत पेन्शनचं काम करायला गेले, आणि मी टाकीमागून पाना काढला.

मी गोळ्या मोजणारी बाई. नट कुठल्या बाजूनं सैल होतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आधी तो मी आणखी आवळून ठेवला. मग पान्यावर उभी राहिले. पाना निसटला, मी पडले, अंगठ्याचं नख काळं पडलं. शेवटी कर्रकन आवाज आला आणि नट हलला. मी दोन्ही हातांनी छत्री ओढली आणि तिचं तोंड लिंबाकडे केलं. लिंबावरचा एक कावळा उडाला. मग पाना फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवला आणि खोलीत जाऊन एखाद्या चोरासारखी बसले.

काका आले. दिवा लागला. मी कान लावून बसले होते. टीव्ही लागलाच नाही. सातच्या बातम्यांची वेळ आली तरी नाही. मी एवढा उपद्व्याप केला, आणि बघणाऱ्यानंच बघणं सोडलं होतं. त्या अर्ध्या घटकेत मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं त्या गावात आल्यावर पहिल्या रात्रीही वाटलं नव्हतं. मग मी उठून कठड्याशी गेले. पहिली हाक आजवर नेहमी खालून यायची.

"काका!"

"काय व?"

"टीव्ही लावला नाही आज?"

"काय लावा? रोजच दिसते."

"लावून तर बघा."

खाली चपला ओढल्याचा आवाज झाला. खट्. मग काहीच नाही.

"नाई दिसत व," काका म्हणाले. आवाजात आश्चर्य होतं.

"माकडं असतील," मी म्हणाले.

खालून उत्तर आलं नाही. मला वाटलं, चिडले. माझा अंगठा ठणकत होता. मग अंगणात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. अगदी कठड्याखाली.

"असतीन," काका म्हणाले. "लय माकडं झाले गावात. आता बारीकबारीक पोरीसारखेही यायले लागले."

मी तोंड ओढणीत दाबून हसले.

"फिरव," ते ओरडले. आवाज पहिल्यासारखा खणखणीत होता. "घाई नोको करू. सावकाश फिरव."

मी छत्री फिरवली. इकडं, तिकडं, वर, खाली. "आलं का?" "नाई." "आता?" "नाई व." छत्री अँटेनासारखी गरीब नव्हती, एकदा रुसली की ती यवतमाळच्या माणसाखेरीज कुणाचं ऐकणारी नव्हती. माझे हात भरून आले. पण आम्ही मधेमधे बोलत होतो. बँकेत पेन्शनसाठी 'तुम्ही जिवंत आहात याचा दाखला आणा' म्हणाले, ते त्यांनी सांगितलं. मी रुग्णालयातल्या एका आजोबांनी कानात घालायचं औषध पिऊन टाकल्याचं सांगितलं. त्यांना ते फार आवडलं.

"जाऊ दे ते छत्री," शेवटी ते म्हणाले. "तिच्यात काई जीव नाई. अँटेना लाव."

"लावता येईल?"

"तू छत्री फिरवली, अँटेना नाई लागत तुले? टाकीमांगं हाय तो."

मी अँटेना उचलला आणि पाइपावर चढवला. नट बोटांनीच फिरवला. वायर खाली सोडली. त्यांनी ती खिडकीतून आत घेतली आणि टीव्हीच्या पाठीमागं खोचली. खरखर ऐकू आली. इतक्या दिवसांनी ती खरखर ऐकून मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

"आलं का?"

"नाई."

"आता?"

"नुसत्या मुंग्या हायेत."

"लिंबाकडं घेऊ?"

खाली भांड्यांचा आवाज येत होता. तवा उतरवल्याचा, मग ताट ठेवल्याचा, मग आणखी एका ताटाचा.

"काका? लिंबाकडं घेऊ का?"

"आलं," काका आतून ओरडले. "आलं, आलं. ये खाली."

मी पाइप सोडला आणि जिना उतरले. खालचं दार सताड उघडं होतं. गल्लीतून जाणाऱ्या कुणालाही आतलं सगळं दिसावं असं. मी उंबऱ्याशी थांबले. त्या घरातला टीव्ही मी पहिल्यांदा बघत होते. लाकडी कपाटावरचा जाडजूड जुना पेटारा, वर विणलेला रुमाल. पडद्यावर चित्र नव्हतंच. या काठापासून त्या काठापर्यंत काळ्या-पांढऱ्या मुंग्या वळवळत होत्या.

"आलं म्हणालात ना?" मी म्हणाले.

काका काकूंच्या फोटोखाली, जमिनीवर पाट मांडत होते. एक मांडून झाला होता. दुसरा त्यांच्या हातात होता.

"पाना सापडला वाटते तुले," ते माझ्या अंगठ्याकडे बघून म्हणाले.

"टाकीमागं होता."

"वांदरानं ठेवला असन."

त्यांनी दुसरा पाट मांडला, गुडघ्यावर हात रोवून सरळ झाले आणि माझ्याकडे बघितलं. मी अजून उंबऱ्याच्या बाहेरच होते.

"ये नं आत," काका म्हणाले. "भाकर निवून राह्यली."